युद्धनिधी सामने

युद्धात जखमी झालेल्या सैनिकांच्या शुश्रूषेसाठी, अथवा युद्धकाळात ओढवलेल्या अन्य आपत्तीच्या निवारणार्थ, प्रेक्षकांकडून प्रवेशमूल्य वसूल करून भरविले जाणारे खेळांचे सामने. दानाबरोबर करमणूकही पदरात पडत असल्यामुळे वर्गणीच्या यादीवर सही करताना काचकूच करणारा मनुष्यही येथे तिकिटाचे पैसे हसतमुखाने मोजतो.

याचे सर्वांत ठळक उदाहरण इंग्लंडातील प्रेस्टन या गावचे आहे. पहिल्या महायुद्धात तेथील ‘डिक, कर’ कारखान्यात, जेथे एरवी ट्रामगाड्या बनत, तोफगोळे घडविण्याच्या कामावर आलेल्या मुलींनी फुटबॉलचा संघ उभारला आणि २५ डिसेंबर १९१७ रोजी डीपडेल मैदानावर दहा हजार प्रेक्षकांसमोर खेळून मूर पार्क येथील जखमी सैनिकांच्या इस्पितळासाठी सुमारे ६०० पौंड मिळविले. युद्ध संपले, पण हातपाय गमावलेले व बेकार झालेले सैनिक उरलेच होते. त्यांच्यासाठी १९२० च्या डिसेंबरात लिव्हरपूल येथे झालेल्या सामन्याला ५३,००० लोक लोटले. पुढल्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ रोजी, फुटबॉल असोसिएशनने आपल्या सभासद-संघांच्या मैदानांवर स्त्रियांना मज्जाव केला. हा खेळ स्त्रियांना अनुचित आहे हे एक कारण, आणि जमलेली रक्कम धर्मादायाखेरीज अन्यत्र खर्ची पडते हे दुसरे. पहिल्यातील पूर्वग्रह उघड आहे. दुसरे मात्र अशा प्रत्येक निधीच्या जमाखर्चाला विचारण्याजोगे आहे, मग ते कोणत्याही हेतूने विचारलेले असो.

हिंदुस्थानात मोठ्या क्रिकेटचा भार कामगारांवर नसून राजेरजवाडे व जिमखाने यांच्यावर होता. काशीत वास्तव्य करणारे विजयानगरमचे महाराजकुमार ‘विझी’, ज्यांच्या संघाने १९३४ साली त्याच नगरीत इंग्लंडहून आलेल्या, जार्डिन कर्णधार असलेल्या एम. सी. सी. संघाला १४ धावांनी हरविले, ते या आश्रयपरंपरेचे नमुनेदार प्रतिनिधी होत. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, जगावर सुतक असता असल्या करमणुकी शोभत नाहीत असे मत गांधीजींनी दिले आणि धर्मवार संघांत खेळल्या जाणाऱ्या मुंबईच्या पंचरंगी क्रिकेट सामन्यांतून हिंदूंचा संघ त्या वर्षी बाहेर राहिला. तथापि १९४२-४३ च्या हंगामात मुंबईतच एक सामना असा झाला की, ज्यातील संघांना खेळाडूंच्या गावांची नव्हे, तर आपत्तींची नावे होती : ऑक्टोबर १९४२ च्या मेदिनीपूरच्या तुफानावरून एक ‘बंगाल चक्रीवादळ संघ’ आणि त्या काळी मुंबई इलाख्यात असलेल्या जिल्ह्यावरून दुसरा ‘विजापूर दुष्काळ संघ’. वादळ आणि दुष्काळ यांच्या या झुंजीत विजय हजारे यांनी २६४ धावा काढल्या.