तालमींतील माती, तेल आणि घाम

महाराष्ट्रांतील मल्लविद्येचा विचार करितांना डाव, पेंच, खुराक आणि राजाश्रय यांकडे लक्ष जाणें साहजिक आहे. आम्ही प्रस्तुत लेखांत जो प्रश्न घेतला आहे तो याहून साधा, किंबहुना कांहींना क्षुल्लकहि वाटेल असा आहे. जाड भिंतींच्या, बुटक्या दाराच्या तालमींत वीस-पंचवीस माणसें पहांटेपासून जोर, बैठका आणि लढती करीत. अंगाला अंग घांसे, एकाचा घाम दुसऱ्याच्या अंगावर जाई. असें असतां तेथील घामाच्या दुर्गंधीचा बंदोबस्त कसा होत असे, आणि मेहनत आटोपून आपापल्या उद्योगास जाणारा माणूस ताजातवाना होऊन बाहेर कसा पडत असे?

या प्रश्नाचीं दोन उत्तरें सर्रास ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो कीं, अंगाच्या वासाची चिंता हें अलीकडचें, साबण व सुगंधी द्रव्यें विकणाऱ्यांनीं लावलेलें वेड आहे; आमच्या पूर्वजांस घामाचा तिटकारा नव्हता. दुसरा पक्ष म्हणतो कीं, तालमीची माती हीच सर्व त्वचारोगांवरील औषध असून तीपुढें इतर उपाय व्यर्थ होत. आमच्या मतें हीं दोन्ही मतें पुराव्यास उतरत नाहींत. तें कसें, हें क्रमानें दाखविण्याचा आमचा हेतु आहे.

प्रथम ग्रंथांचा पुरावा पाहूं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील पांचव्या अध्यायांत दिनचर्येचा उपदेश आहे. तेथें शरीरपरिमार्जनाचे, म्हणजे अंग चोळून पुसून स्वच्छ करण्याचे, गुण सांगतांना दुर्गंधी, जडपणा, तंद्रा, कंडू, मळ व अरुचि यांचा नाश होतो असें म्हटलें असून त्याच यादींत ‘स्वेदबीभत्सता’ हा शब्द घातला आहे. घामामुळें येणारी किळस, असा त्याचा सरळ अर्थ. ज्या समाजास घामाचा तिटकारा नव्हता त्या समाजाच्या वैद्यास असा शब्द योजण्याचें प्रयोजन पडलें नसतें. सुश्रुताच्या चिकित्सास्थानांतील चोविसावा अध्यायहि याच विषयाचा आहे. तेथें व्यायाम, उद्वर्तन, स्नान आणि अनुलेपन यांचे गुण सांगितले असून अंगास लावावयाच्या लेपानें घाम, दुर्गंधी, विवर्णता व श्रम हीं नाहींशीं होतात असें सांगितलें आहे. तेव्हां पहिला पक्ष येथेंच कोसळतो.

याहून महत्त्वाचा आहे तो या क्रियांचा क्रम. वाग्भटाच्या अष्टांगहृदयांत दिनचर्येच्या अध्यायांत आधीं अभ्यंग, मग व्यायाम, त्यानंतर अंगमर्दन, मग उद्वर्तन आणि शेवटीं स्नान असा अनुक्रम आहे. संस्कृत ग्रंथांतील जें उद्वर्तन तेंच आपल्या घरचें उटणें होय. तेल आधीं अंगांत मुरवावयाचें, मेहनतीनें घाम काढावयाचा, सुटलेला मळ, तेल व घाम हीं तिन्ही कोरड्या चूर्णानें टिपून घ्यावयाचीं आणि मग पाण्यानें अंग धुवावयाचें, ही त्यांतील युक्ति आहे. दिवाळींतील अभ्यंगस्नान ज्यानें घेतलें आहे त्यास ती निराळी समजावून सांगावयास नको. त्यांतून मधला व्यायाम मात्र आज गळाला आहे.

परंतु हे सर्व उपदेश सुखवस्तु गृहस्थास उद्देशून आहेत. पुष्कळ माणसें एकत्र मेहनत करितात तेथें काय होत असे, हें कळण्यास राजदरबाराकडे वळलें पाहिजे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांतील आहे. त्यांतील संगीतविषयक भागांत जुन्या मराठीचे अवशेष सांपडतात, म्हणून तो आपणांस अपरिचित नाहीं. त्याच ग्रंथांत ‘मल्लविनोद’ या नांवाचें एक प्रकरण आहे. तेथें मल्लांची वय व बळ यांवरून प्रतवारी लाविली असून त्यांच्या मेहनतीचे प्रकार सांगितले आहेत: वजन उचलण्याचा भारश्रम, चालण्याचा भ्रमणश्रम, पाण्यांतील सलिलश्रम, बाहूंचा श्रम आणि खांबावरील स्तंभश्रम. सलिलश्रमाचा हेतु दम वाढविणें हाच असला तरी त्या मेहनतींत अंग आपोआप धुतलें जाई, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. याच ग्रंथांत राजाच्या स्नानाचें व विलेपनाचें वर्णन स्वतंत्र प्रकरणांत येतें. सुगंधी तेल, मर्दन, उटणें व चंदनादि लेप यांची तेथें रेलचेल आहे. एकाच ग्रंथांत राजाच्या अंगास सुगंध आणि मल्लाच्या वांट्यास श्रम, ही विभागणी बोलकी आहे. जो उपचार राजास एकट्यास परवडे तो वीस-पंचवीस मल्लांस रोज परवडणें शक्य नव्हतें. त्यांस स्वस्त व सर्वांना पुरेल असा उपाय हवा होता.

तो उपाय म्हणजे तालमीची माती, असें आमचें म्हणणें आहे. या संस्थेची परिभाषाच पाहा. ‘आखाडा’ हा शब्द संस्कृत ‘अक्षवाट’ या शब्दापासून आला. ‘तालीम’ आणि ‘हौद’ हे अरबी. ‘वस्ताद’ व ‘पहिलवान’ हे फारशी. म्हणजे आज आपण जिला तालीम म्हणतों ती दोन प्रवाहांच्या संगमावर घडलेली आहे. म्हणून चरकाच्या काळच्या रीति तशाच तालमींत उतरल्या असें म्हणणें धाडसाचें होईल. परंतु अभ्यंग, मर्दन, चूर्ण व स्नान हा क्रम तालमींत निराळ्या रूपानें टिकून राहिला, हें प्रत्यक्ष रीतीवरून दिसतें.

हौदांतील माती साधी नसते. तांबडी माती चाळून, खडे काढून घेतात. तींत तेल, ताक, लिंबाचा रस, हळद, काव आणि कापूर घालण्याचा प्रघात आहे. कोठें कडुनिंबाचा पाला घालतात. प्रत्येक वस्तादाचें प्रमाण निराळें असे. ही माती रोज लढतीपूर्वीं फावड्यानें उकरून मोकळी करावी लागे, आणि तें काम शिष्यांनींच करावयाचें. नवख्यास तें शिक्षेसारखें वाटे. परंतु तोहि मेहनतीचाच एक भाग होता. खालची माती वर येऊन वारा लागल्यावांचून हौद कुबट होतो, हें ज्यानें एकदां अनुभविलें आहे त्यास उकरण्याचें मर्म कळतें.

लढत चालली असतां घामानें निसरडें झालेलें अंग मातीनें कोरडें करावयाचें. लढत संपल्यावर सर्वांगास माती चोळून घाम जिरूं द्यावयाचा. ती वाळली कीं हातानें चोळून काढावयाची आणि मग आंघोळ. घाम निथळत असतां एकदम थंड पाणी अंगावर घेऊं नये, ही वस्तादांची ताकीद असे. म्हणजे उटण्याचें काम येथें मातीनें केलें. लंगोट रोज धुवून उन्हांत वाळवावा, एकाचा लंगोट दुसऱ्यानें नेसूं नये, पायांतील वहाण दाराबाहेर राहावी आणि हौदांत थुंकूं नये, हे नियम मारुतीच्या मूर्तीच्या साक्षीनें पाळले जात. धर्मभावना आणि स्वच्छता यांची येथें अशी सांगड पडली होती कीं, नियम मोडणारास दोन्हींचा धाक वाटे.

या रीतीस दूर देशांतील एक तुलना उपयोगी पडेल. प्राचीन ग्रीक मल्लहि अंगास तेल लावून त्यावर धूळ चोळीत आणि मेहनतीनंतर धातूच्या वांकड्या पट्टीनें तें सर्व खरवडून काढीत. हें खरवडलेलें मिश्रण औषध म्हणून वापरलें जाई, असें रोमन ग्रंथकार प्लिनी यानें पहिल्या शतकांत नमूद केलें आहे. फिलॉस्ट्रॅटस यानें व्यायामविद्येवरील आपल्या ग्रंथांत धुळीचे प्रकार सांगून कोणती धूळ मळ काढते, कोणती घाम मोकळा करिते, कोणती अंगास ऊब देते, याचें विवेचन केलें आहे. दोन्हींकडे प्रश्न एकच होता. म्हणून एकानें दुसऱ्यापासून घेतलें असें मानण्याची गरज नाहीं.

आतां दुसऱ्या पक्षाकडे वळूं. आधुनिक शरीरशास्त्र सांगतें कीं, मेहनतीनें सर्वांगास सुटणाऱ्या घामास स्वतःची दुर्गंधी जवळजवळ नसते. कांख व जांघ येथें निराळ्या ग्रंथि असतात. त्यांच्या स्रावावर त्वचेवरील जंतूंची क्रिया झाली म्हणजे वास उत्पन्न होतो. इ. स. १९५३ मध्यें शेली, हर्ली व निकोल्स या अमेरिकन संशोधकांनीं प्रयोगानें दाखविलें कीं, हा स्राव ताजा व जंतुरहित असतां त्यास वास नसतो. म्हणजे दुर्गंधीचें कारण घाम एवढेंच नव्हे. ओलावा, ऊब आणि जाऊं दिलेला वेळ यांचाहि त्यांत वांटा आहे. या दृष्टीनें पाहतां मातीनें ओल टिपणें, लगेच अंग चोळणें, आंघोळ करणें आणि लंगोट उन्हांत वाळविणें या चारहि गोष्टी मुळावर घाव घालणाऱ्या होत्या. उलट, न धुतलेल्या अंगावर अत्तर फांसणें हा वास झांकण्याचा प्रकार झाला, घालविण्याचा नव्हे.

तथापि यावरून माती सर्वरोगहारक ठरत नाहीं. हळदीच्या अंगीं जंतुनाशक गुण प्रयोगशाळेंत आढळतो. पण हौदांतल्या गाडाभर मातींत मिसळलेल्या हळदीनें तेंच कार्य होतें, असें त्यावरून सिद्ध होत नाहीं. गजकर्ण, नायटा व पुळ्या हे रोग मल्लांत एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जातात, हें वैद्यकास ठाऊक आहे. मातींत धनुर्वाताचे जंतु असूं शकतात. म्हणून उघड्या जखमेनें हौदांत उतरणें केव्हांहि घातकच. अंगावर चट्टा दिसतांच शिष्यास कांहीं दिवस हौदाबाहेर बसविणारा वस्ताद मातीच्या गुणावर विसंबून राहणाऱ्या वस्तादापेक्षां अधिक शहाणा म्हटला पाहिजे.

हा विचार आज करण्यास एक कारण आहे. राजर्षि शाहू छत्रपतींच्या आश्रयानें कोल्हापुरास मल्लविद्येचा जो उत्कर्ष झाला, तो सर्वस्वीं मातीवरचा होता. तेथील खासबाग मैदान इ. स. १९१२ चें आहे. पुढें आंतरराष्ट्रीय सामन्यांमुळें गादी आली. गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनीं इ. स. १९५२ मध्यें हेलसिंकी येथें कांस्यपदक मिळविलें, तें मातींत घडलेल्या अंगानें पण गादीवर लढून. गादी घाम टिपीत नाहीं. ती जंतुनाशकानें पुसावी लागते. सामन्याच्या नियमांत तेलकट अंगास मज्जाव आहे आणि घामेजलेल्या अंगानें लढतीस उभें राहतां येत नाहीं. अभ्यंगाचें तेल जेथें विधि होतें, तेथें तें आतां दोष ठरलें. गादीचा फायदा नाकारण्याचें कारण नाहीं; परंतु मातीबरोबर उकरण्याचें, वाळविण्याचें व धुण्याचें जें सामुदायिक व्रत होतें तें सुटलें, आणि ज्याच्या त्याच्या पिशवींतील सुगंधी फवाऱ्यानें त्याची जागा घेतली, तर तो लाभ म्हणतां येणार नाहीं.

एकंदरींत आमचा निष्कर्ष असा: घामाची किळस आपल्या देशांत जुनी आहे, तिच्यावरील ग्रंथोक्त उपाय एकट्याच्या देहापुरता होता, तालमीनें तोच उपाय स्वस्त करून सर्वांचा केला. एकत्र मेहनत करणारांत ताजेपणा ही कोणा एकाची खासगी बाब राहत नाहीं. एकानें लंगोट धुतला नाहीं तर त्याचा त्रास सर्वांस होतो, आणि एकानें हौद उकरला तर त्याचें सुख सर्वांस मिळतें. हें तत्त्व तालमींनीं ग्रंथांवांचून शिकविलें.

तें नीट लिहून ठेवण्याची वेळ मात्र निघून जात आहे. ज्या तालमींपाशीं तेल, हळद, कापूर व माती यांच्या खर्चाच्या जुन्या वह्या असतील, त्यांनीं त्या रद्दींत न घालतां जपाव्या. ज्या वृद्ध वस्तादांस आपल्या हौदाचें प्रमाण तोंडपाठ आहे, त्यांजपाशीं बसून अभ्यासकांनीं तें टिपून घ्यावें. शिलालेख व ताम्रपट यांजइतकींच हींहि इतिहासाचीं साधनें होत. फरक एवढाच कीं, शिलालेख वाट पाहूं शकतो, वस्ताद पाहूं शकत नाहीं.