मुक्त विद्यापीठातून शिकताय? ग्रंथालय मोबाइलवर असं वापरा

मी फुलंब्रीत राहून दूरशिक्षणातून शिकतो. दिवसा काम, रात्री अभ्यास. एक संदर्भग्रंथ बघायला छत्रपती संभाजीनगर गाठायचं म्हणजे एका दिवसाचा रोजगार बुडतो. पहिल्या वर्षी मी नुसत्या गाइडवर भागवलं आणि स्वाध्यायात मार्क कमी पडले. नंतर कळलं, पुस्तकं मोबाइलवरही आहेत. फक्त कशासाठी कुठं जायचं, ते माहीत पाहिजे.

१) पाठ्यपुस्तक हवंय: ई-ज्ञानकोश
इग्नूचं (स्थापना १९८५) हे डिजिटल भांडार आहे. पुस्तकं खंड आणि घटकांत विभागलेली असतात, प्रत्येक घटकाची पीडीएफ वेगळी. हवा तेवढाच घटक उतरवा, डेटा वाचतो. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे (नाशिक, १९८९) विद्यार्थी असाल, तर आधी त्याच विद्यापीठाच्या साइटवर ई-पुस्तक आहे का बघा. अभ्यासक्रम तोच, भाषाही मराठी.

२) संज्ञा समजत नाहीये: मराठी विश्वकोश
स्वाध्यायाचा प्रश्नच कळत नसेल, तर सुरुवात इथून करा. नोंदी मोफत वाचता येतात.

३) प्रकल्पासाठी संदर्भ: शोधगंगा
गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचा हा पीएचडी प्रबंधांचा साठा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे प्रबंधही इथं आहेत, म्हणजे आपल्या भागावरचा अभ्यास सापडतो. माझी युक्ती: आधी शेवटची संदर्भसूची उघडा. त्या विषयावर काय वाचायचं, याची तयार यादी मिळते.

४) बाकी सगळं: राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय
आयआयटी खरगपूरनं उभारलेलं. इथं बहुतेक वेळा पुस्तकाची फक्त माहिती असते, फाइल मूळ संस्थेकडे. त्यामुळे नाव दिसलं तरी पुस्तक उघडेलच असं नाही. आधी मोफत आहे का ते तपासा.

शोधताना पूर्ण प्रश्न टाकू नका. ‘ग्रामपंचायत महिला आरक्षण’ असे दोन-तीन मुख्य शब्द टाका. मग तेच इंग्रजीत.

तरीही नाही मिळालं तर?
अभ्यासकेंद्र बहुधा एखाद्या कॉलेजातच असतं. संपर्क सत्राला जाल तेव्हा तिथल्या ग्रंथपालांना भेटा. बसून वाचता येईल का, ‘एन-लिस्ट’चं लॉगिन आपल्याला मिळतं का, हे विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

आणि पीडीएफ सेव्ह करतानाच लेखक, वर्ष, पान वहीत लिहून ठेवा. स्वाध्याय द्यायच्या आदल्या रात्री ते शोधणं फार जड जातं.