ग्रीवा रोहिणी विस्फार

मानेतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमनीची भित्ती कमकुवत होऊन तिला येणारा कायमचा फुगवटा. सर्व धमनी-विस्फारांत याचे प्रमाण १ टक्क्याहूनही कमी आहे. धमनीकाठिण्य, मार, भित्तीच्या थरांत फट पडणे, स्नायुतंतूंची विकृती, जंतुसंसर्ग आणि पूर्वीची कॅरोटिड शस्त्रक्रिया ही त्याची कारणे. तरुण रुग्णात मार्फान, बेहचेट किंवा ताकायासू विकाराचाही विचार करावा लागतो.

जबड्याच्या कोनाखाली ठोके देणारी गाठ हे ठळक लक्षण. गाठ नसांवर दाबली तर आवाज घोगरा होतो, गिळताना त्रास होतो, क्वचित एक पापणी खाली येते. फुगवटा फुटणे विरळच; खरा धोका आत साचलेल्या गुठळीचा. तिचा कण सुटून मेंदूत गेला, की पक्षाघात होतो.

निदानातली चूक मात्र घातक ठरते. फुगवटा घशाच्या बाजूने आत आला, तर टॉन्सिलजवळचे गळू वाटतो आणि त्याला चीर दिली तर रक्तस्राव आवरत नाही. आपल्याकडे मानेतली गाठ म्हटली, की आधी क्षयाचा संशय येतो आणि सुईने नमुना घेतला जातो; ठोके लागणाऱ्या गाठीत तसे मुळीच करू नये. उलट, उतारवयात नागमोडी झालेली निरोगी धमनीही अशीच हाताला लागते. कॅरोटिड पिंडाची गाठही विस्फारासारखीच भासते. डॉप्लर सोनोग्राफीने बहुतेक उलगडा होतो. विस्फार कवटीच्या तळाशी असेल, तर सीटी किंवा एमआर अँजिओग्राफी लागते.

लंडनच्या गाईज रुग्णालयात ॲस्टली कूपर यांनी १८०५ मध्ये अशा विस्फारासाठी कॅरोटिड धमनी बांधली, रुग्ण दगावली. १८०८ मधला त्यांचा दुसरा रुग्ण मात्र १८२१ पर्यंत जगला. धमनी बांधल्याने मेंदूचा रक्तपुरवठा तुटू शकतो. म्हणून आज तो शेवटचा पर्याय उरला आहे आणि त्याआधी फुग्याने प्रवाह तात्पुरता अडवून मेंदू तग धरतो का, ते पाहतात. शक्य तेथे रोगट भाग काढून धमनीची टोके जोडतात किंवा मांडीतली शीर मध्ये बसवतात. शस्त्रक्रियेत जिभेच्या आणि स्वरयंत्राच्या नसा सांभाळणे हे यातले सर्वांत नाजूक काम. उंचावरच्या विस्फारात, तसेच पूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या मानेत आच्छादित स्टेंट सोयीचा पडतो. संसर्ग असेल तर तो सहसा टाळतात. लहान, लक्षणरहित विस्फारावर रक्त पातळ ठेवणारी गोळी देऊन नियमित तपासणीने लक्ष ठेवतात. आजार इतका विरळ, की उपचारपद्धतींची थेट तुलना करणाऱ्या मोठ्या चाचण्या झालेल्या नाहीत. निर्णय प्रत्येक रुग्णापुरता, रक्तवाहिनीतज्ज्ञ आणि मेंदूतज्ज्ञ यांनी मिळून घ्यावा लागतो.