नवरा सोडून गेला, आयकर रिटर्न कसं भरायचं? मुलांचा खर्च कुणाच्या नावावर दाखवायचा?

बिबवेवाडी (पुणे) : आपल्या तालुक्यांतून मार्केट यार्डाच्या कामानिमित्त गेलेली बरीच कुटुंबं बिबवेवाडी, अप्पर इंदिरानगर भागात राहतात. नवरा घर सोडून गेला, घटस्फोट झालेला नाही, मुलं आईजवळ आहेत आणि आई पगारावर घर चालवते, अशी वेळ काही घरांवर येते. जुलै जवळ आला की प्रश्न पडतो, रिटर्न कोणत्या प्रकारात भरायचं आणि मुलं कुणी दाखवायची? त्याची ही माहिती.

नवरा-बायकोचं रिटर्न वेगळंच

आपल्याकडे नवरा-बायकोचं एकत्र रिटर्न नसतं. ज्याचा पॅन त्याचं रिटर्न. विवाहित, विभक्त, घटस्फोटित यावरून कराचा दर बदलत नाही. अमेरिकेत मात्र बदलतो. तिथे वर्षाचे शेवटचे सहा महिने जोडीदार घरात राहिला नसेल आणि मूल अर्ध्याहून जास्त वर्ष आपल्याजवळ असेल, तर इतर अटी पाळून कुटुंबप्रमुख म्हणून वेगळा दर मिळतो. मोबाईलवर दिसणारे बरेच व्हिडिओ तिकडचे असतात, ते इथे लागू नाहीत.

पॅनवर नवऱ्याचं नाव नसतंच, वडिलांचं किंवा आईचं असतं. त्यामुळे नवरा गेला म्हणून नवीन पॅन काढायची गरज नाही.

कर किती बसतो?

आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नवीन पद्धतीत ४ लाखांपर्यंत कर नाही आणि १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो. पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट वेगळी. म्हणजे बहुतेक बायकांना कर बसत नाही. तरीही बँकेने किंवा कंपनीने टीडीएस कापला असेल तर तो रिटर्न भरल्याशिवाय परत मिळत नाही.

साध्या पगारदाराची मुदत ३१ जुलै. त्यानंतर ३१ डिसेंबरपर्यंत भरता येतं, पण विलंब शुल्क लागू शकतं आणि जुनी पद्धत निवडता येत नाही.

मुलांच्या खर्चाची वजावट

आपल्या कायद्यात फक्त मूल दाखवलं म्हणून वजावट मिळत नाही. ज्याने पैसे भरले त्याला मिळते, आणि तीही जुनी पद्धत निवडली तरच :

- शाळेची ट्यूशन फी : ८०सी खाली, दोन मुलांपर्यंत, एकूण दीड लाखांच्या मर्यादेत. डोनेशन, डेव्हलपमेंट फी, बसभाडं यात धरत नाहीत.
- आरोग्य विम्याचा हप्ता : ८०डी खाली, स्वतः आणि अवलंबून असलेली मुलं मिळून २५ हजारांपर्यंत.
- दिव्यांग मूल अवलंबून असेल तर : ८०डीडी खाली ७५ हजार, तीव्र दिव्यांगत्वाला सव्वा लाख. सरकारी दाखला हवा.

एकाच पावतीवर दोघांना वजावट घेता येत नाही. म्हणून फी स्वतःच्या खात्यातून भरा आणि पावतीवर आपलं नाव घाला.

मुलांच्या नावावरची ठेव

अल्पवयीन मुलाच्या एफडीचं व्याज आई-वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्या उत्पन्नात धरतात. लग्न कायद्याने संपलं असेल तर जो मूल सांभाळतो त्याच्याकडे. नवरा नुसता निघून गेला म्हणजे लग्न संपत नाही, हे लक्षात ठेवा. सुकन्या समृद्धीचं व्याज करमुक्त असल्याने तिथे हा प्रश्न येत नाही.

पोटगी आणि शेत

दरमहा मिळणारी पोटगी बायकोचं उत्पन्न धरली जाते, एकरकमी मिळालेली धरत नाहीत. प्रतापगडच्या प्रिन्सेस महेश्वरी देवी यांच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने हा फरक केला. देणाऱ्या नवऱ्याला पोटगीची वजावट मिळत नाही.

नवऱ्याने मोबदला न घेता जमीन किंवा पैसे बायकोच्या नावावर केले तर त्याचं उत्पन्न नवऱ्याच्याच खात्यात धरतात. वेगळं राहण्याच्या करारापोटी दिलं असेल तर मात्र नाही. म्हणून असा करार तोंडी ठेवू नका, लेखी करा.

सातबारा आपल्या नावावर असेल आणि शेतीचं उत्पन्न ५ हजारांच्या वर असेल तर आयटीआर-१ चालत नाही, पगारदाराने आयटीआर-२ भरावं. शेतीवर कर नाही, पण दुसरं उत्पन्न करपात्र असेल तर दर ठरवताना शेतीचं उत्पन्न धरतात.

आधी ही कामं उरका

१. आयकर पोर्टलवर मोबाईल आणि ईमेल कुणाचा आहे ते बघा. बऱ्याच घरी नवऱ्याचा असतो आणि ओटीपी त्याच्याकडे जातो. आधारला आपला नंबर जोडून पोर्टलवर बदलून घ्या.
२. रिफंडसाठी स्वतःच्या एकटीच्या नावाचं बँक खातं द्या.
३. फॉर्म १६ आणि पोर्टलवरचं एआयएस जुळतंय का ते तपासा.
४. नवरा कधी गेला याचा कागद तयार ठेवा. पोलिसांत दिलेला अर्ज असो की पोटगीचा दावा, तारीख महत्त्वाची. लाडकी बहीण योजनेत कुटुंबातलं कुणी आयकर भरत असेल तर अपात्र ही अट आहे, आणि कुटुंबात नवरा धरतात. गेलेल्या नवऱ्याच्या पगारामुळे हप्ता अडला तर परित्यक्ता असल्याचा पुरावाच दाखवावा लागतो.

पोटगीचा दावा १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली होतो, पूर्वी तो १२५ खाली होता. बायको राहते तिथल्या कोर्टात तो टाकता येतो. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या रजनेश विरुद्ध नेहा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दोघांनीही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र देणं बंधनकारक केलं. त्यामुळे नवऱ्याचं खरं उत्पन्न कोर्टासमोर आणता येतं. आपलंही तिथे बघितलं जातं, म्हणून रिटर्नमध्ये एक आणि कोर्टात दुसरं असं लिहू नका.

महिलांना सरकारी वकील मदत मोफत आहे, उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असून कलमांचे नंबर बदललेत. २०२५-२६ चं रिटर्न मात्र जुन्या कायद्यानेच भरायचं आहे.