रुपेरी मुखवटा आणि रबरी राक्षस : मेक्सिकोचे कुस्ती-भयपट

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. खचाखच भरलेल्या आखाड्यात मुखवटा घातलेले दोन मल्ल झुंजत आहेत. नायक प्रतिस्पर्ध्याचा मुखवटा ओढून काढतो, तर आत माणूस नसून लांडगा-मानव! १९६२ च्या 'सांतो विरुद्ध व्हॅम्पायर स्त्रिया' या मेक्सिकन चित्रपटातला हा प्रसंग आहे. मी तो वर्गात दाखवतो तेव्हा मुले हमखास हसतात. त्या हसण्यामागचा इतिहास या टिपणात पाहू.

पार्श्वभूमी

'लुचा लिब्रे' ही मेक्सिकोतली व्यावसायिक कुस्ती. साल्वादोर लुत्तेरोथ यांनी १९३३ मध्ये तिची पहिली मोठी संस्था उभारली. रोदोल्फो गुस्मान हुएर्ता हा मल्ल १९४२ मध्ये रुपेरी मुखवटा घालून 'सांतो', म्हणजे 'संत', या नावाने आखाड्यात उतरला. १९५२ पासून त्याच्यावर चित्रकथा निघू लागल्या आणि तो घराघरांत पोहोचला. पुढे राजधानीत कुस्ती दूरचित्रवाणीवर दाखवणे बंद झाले. ज्यांना आखाड्यापर्यंत जाता येत नव्हते, त्यांना आता आपला मल्ल पडद्यावरच भेटणार होता. सांतोचे पहिले दोन चित्रपट १९५८ च्या अखेरीस, क्रांतीच्या तोंडावर असलेल्या क्यूबात चित्रित झाले. पुढे त्याने पन्नासहून अधिक चित्रपट केले.

स्वस्ताईची कारणे

या चित्रपटांत राक्षस रबरी दिसतात आणि वटवाघळे दोरीला लटकलेली कळतात. कथा मध्येच थांबवून कुस्तीची अख्खी लढत दाखवली जाते. आम्ही अभियांत्रिकीचे शिक्षक कोणतीही रचना पाहिली की आधी विचारतो, ही कोणत्या मर्यादांमध्ये केली आहे? इथेही तेच विचारावे. पैसा आणि वेळ दोन्ही कमी. त्यात 'एस्तुदियोस अमेरिका' या स्टुडिओला कामगार संघटनांमधील वाटणीमुळे फक्त लघुपट व मालिका करण्याची मुभा होती. म्हणून तिथे पूर्ण लांबीचे चित्रपटही भागाभागांनी चित्रित होत आणि मग जोडले जात. लढतींचे म्हणाल, तर प्रेक्षक त्यांच्यासाठीच तिकीट काढत होता.

हसतो कोण?

सुझन सोंटॅग यांनी १९६४ च्या निबंधात 'कॅम्प' या अभिरुचीची चर्चा केली. अतिरंजित, कृत्रिम गोष्टीतला आनंद म्हणजे कॅम्प. त्यांच्या मते, जी कृती मनापासून गंभीर असते आणि तरीही फसते, तिच्यात तो सर्वांत शुद्ध असतो. सांतो कधीच डोळा मिचकावत नाही. व्हॅम्पायरशी लढताना आणि प्राध्यापकांशी बोलताना त्याची गंभीरता सारखीच असते. अमेरिकेत के. गॉर्डन मरे यांनी हा चित्रपट इंग्रजीत आणताना त्याचे नाव 'सॅमसन' केले. १९९५ मध्ये एका अमेरिकन विनोदी कार्यक्रमाने त्याच चित्रपटाची यथेच्छ थट्टा केली.

मूळ प्रेक्षकाला मात्र हा नायक ओळखीचा होता. १९७२ च्या 'ग्वानाहुआतोच्या ममी' या चित्रपटातल्या ममी कल्पनेतल्या असल्या, तरी त्या शहरात खऱ्याखुऱ्या ममी आजही पाहायला मिळतात. सांतोने १९८४ मध्ये दूरचित्रवाणीवर आपला मुखवटा क्षणभर, अर्धवट वर केला. त्यानंतर काही दिवसांतच, ५ फेब्रुवारीला, तो वारला. त्याला मुखवट्यासह पुरण्यात आले. १९८५ च्या भूकंपानंतर मेक्सिको शहरात घरांचा प्रश्न पेटला, तेव्हा 'सुपरबारिओ' नावाचा लाल मुखवट्यातला कार्यकर्ता भाडेकरूंच्या बाजूने रस्त्यावर उतरला. लोकांनी त्याला आपला मानले, कारण मुखवटेवाला दुबळ्यांसाठी लढतो हे त्यांनी पडद्यावर अनेकदा पाहिले होते.

तेव्हा जरूर हसा, त्यात गैर काही नाही. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने दोन प्रेक्षकांना वेगळे ओळखावे : एकाला रबर दिसते, दुसऱ्याला सांतो. चित्रपट तोच असतो.

विचारासाठी प्रश्न : आपल्याकडे दारासिंग यांचा 'किंग काँग' हा चित्रपटही १९६२ चाच. मल्ल नायक झाला, पण मुखवटा आला नाही. या फरकामागे कोणती कारणे असू शकतील?