खारपाणपट्टा आणि गळका रेडिएटर

अकोला–दर्यापूर–अंजनगाव या पट्ट्यातील जुन्या जीपगाड्यांत चालकाच्या पायाशी पाण्याची एक कॅन असते. रेडिएटर गळतो, चालक वाटेतल्या हापशावर कॅन भरतो, इंजिन तापले की ओततो. गळती एकदा दुरुस्त केली तरी काही महिन्यांत परत येते आणि दोष मेकॅनिकच्या माथी जातो. वास्तविक या गळतीचा इतिहास मोटारीहून जुना आहे.

त्याची सुरुवात पूर्णा नदीच्या खोऱ्यात होते. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या या गाळाच्या सपाट प्रदेशाखालचे भूजल खारे आहे, म्हणूनच त्याला ‘खारपाणपट्टा’ म्हणतात. वऱ्हाडच्या जुन्या गॅझेटियरांत येथील मिठाच्या विहिरींची नोंद सापडते. पिण्यायोग्य पाण्यासाठी पुढे वान धरणातून ‘८४ खेडी’ पाणीपुरवठा योजना आणावी लागली. जे पाणी माणसाला चालत नाही, ते यंत्राला तरी कसे चालावे?

यंत्राशी या पाण्याची गाठ पहिल्यांदा रेल्वेने घातली. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे अकोला, बडनेरा ओलांडून नागपूरला पोहोचली, ती मुख्यतः वऱ्हाडच्या कापसासाठी. पुढे मूर्तिजापूरहून दर्यापूर, अंजनगावमार्गे अचलपूरला जाणारी ‘शकुंतला’ तर थेट खारपाणपट्टा चिरत गेली. मँचेस्टर येथे १९२१ साली बांधलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावत होते. वाफेच्या इंजिनाचा स्वभाव असा की पाणी वाफ होऊन निघून जाते आणि त्यातले क्षार बॉयलरमध्येच साचतात. म्हणून बॉयलर ठरावीक काळाने रिकामा करून धुणे हा वाफेच्या युगातला नित्याचा विधी होता.

मोटारीने हा प्रश्न सोडवल्यासारखा वाटला, कारण तिच्यात तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरते. १९०१ च्या सुमारास विल्हेल्म मायबाख याने मर्सिडीज गाडीसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर घडवला. त्यात ८,०७० बारीक नळ्या होत्या आणि अवघ्या ९ लिटर पाण्यात काम भागत होते. मोठी टाकी गेली, पण पाण्याची वाट अरुंद झाली. अरुंद वाट म्हणजे क्षारांना पर्वणीच.

पाणी बदलले नाही, तर त्यातला चुना एकदाच बसतो आणि थांबतो. गळक्या गाडीत मात्र रोज नवे पाणी येते आणि रोज नवा चुना घेऊन येते. साखर गरम पाण्यात अधिक विरघळते. कॅल्शियम कार्बोनेटचे नेमके उलटे आहे. ते जिथे पाणी सर्वांत गरम, तिथेच, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या जागेत थराने बसते. तो थर उष्णता अडवतो, इंजिन तापते, दाब वाढतो आणि सर्वांत अशक्त सांधा फुटतो. दुसरीकडे क्लोराइड धातू खात असते. पितळातले जस्त त्यामुळे झिजते, तर अ‍ॅल्युमिनियमला सुईच्या टोकाएवढी भोके पडतात. थोडक्यात, गळकी मोटार पुन्हा बॉयलरच्या काळात जाते, फक्त धुण्याचा विधी तिच्या वाट्याला येत नाही.

निदान करताना खारपाणपट्ट्यातले मेकॅनिक एका खुणेचा उपयोग करू शकतात. इथले पाणी वाळले की पांढरा माग उरतो. थंड इंजिनावर त्या मागाचा उगम शोधायचा: होज पाइपची क्लिप, वॉटर पंपाखालचे छोटे भोक, रेडिएटरची शिवण. खूण दिसत नसेल, तर रेडिएटरच्या तोंडाला हातपंपाचा टेस्टर लावून कॅपवर लिहिलेल्या दाबापर्यंत हवा भरतात. काटा उतरला म्हणजे गळती आहे. बाहेर कुठेच ओल नाही, पण काटा उतरतो, तेव्हा संशय आत जातो. सायलेन्सरमधून पांढरी वाफ आणि ऑइलला दुधाळ चहाचा रंग दिसला, तर हेड गॅस्केट गेले असावे. पुढच्या सीटखालचा गालिचा ओला असेल, तर हीटरची जाळी गळते आहे. कॅप मात्र गरम इंजिनावर कधीही उघडू नये. दाबाखाली शंभर अंशांपलीकडे गेलेले पाणी दाब सुटताच उकळून अंगावर येते.

अँबॅसेडर, पद्मिनीच्या काळात रेडिएटर तांबे-पितळेचे होते. टाकी उतरवून नळ्यांतून सळ्या फिरवायच्या आणि भोकाला कथलाचा डाग द्यायचा, ही कारागिरी होती. अ‍ॅल्युमिनियमची जाळी आणि प्लॅस्टिकची टाकी आल्यावर डागाचे काम संपत आले आणि आता बहुधा पूर्ण रेडिएटरच बदलला जातो. ट्रकचालकांचा हळदीचा तोडगाही प्रसिद्ध आहे. गरम पाण्यात हळदीतला स्टार्च फुगतो आणि बारीक भोक बुजवतो. गॅरेजपर्यंत पोहोचण्यापुरता तो ठीक. पण स्टार्चला भोक कोणते आणि नळी कोणती हे समजत नाही.

मग कूलंटचा वापर इथे सर्वांआधी रुळायला हवा होता. तो न रुळण्यामागे नावाचा घोळ आहे. इथिलीन ग्लायकॉल पश्चिमेत ‘अँटीफ्रीझ’ म्हणून विकले गेले, म्हणजे पाणी गोठू न देणारे. पंचेचाळीस अंशांच्या अकोल्यात गोठण्याची भीती कोणाला? वऱ्हाडात त्याचे खरे मोल निराळेच होते. अर्ध्या मिश्रणाचा उत्कलनबिंदू साध्या पाण्याहून सुमारे ७ अंशांनी चढतो आणि त्यात मिसळलेली गंजरोधक रसायने धातू सांभाळतात. अर्थात मिश्रणाचा दुसरा अर्धा भाग हापशाचा असेल, तर यातले बरेचसे वाया जाते. म्हणून दुरुस्तीनंतर आतला चुना साफ करून डिस्टिल्ड पाण्यानेच यंत्रणा भरणे, हा दुरुस्तीचाच भाग ठरतो.

गंमत अशी की हेच डिस्टिल्ड पाणी खारपाणपट्ट्यातल्या बॅटरीच्या दुकानांत कधीपासून कॅनमध्ये विकले जाते. बॅटरीत हापशाचे पाणी घालायचे नाही, हे तिथल्या प्रत्येक चालकाला ठाऊक आहे.