कारकुनी सांभाळणारे बी. रघुनाथ

परभणीचे बी. रघुनाथ सभागृह आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे. ते ज्यांच्या नावाचे, ते भगवान रघुनाथ कुलकर्णी १५ ऑगस्ट १९१३ रोजी तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातल्या सातोन्यात जन्मले. गरिबीमुळे शिक्षण मॅट्रिकवर थांबले. बांधकाम खात्यात कारकुनी धरली. निजामी राजवटीत सरकारी कारभार उर्दूत चाले. दिवसा कचेरी करून संसार ओढायचा आणि लिहायचे मराठीत! त्यातूनच 'आलाप आणि विलाप' हा कवितासंग्रह आणि 'आडगावचे चौधरी'सारखी कादंबरी आली. ७ सप्टेंबर १९५३ रोजी ते गेले, तेव्हा वय अवघे ४०.

आपल्यापैकी अनेकजण पोटासाठी पुण्या-बंगळूरला गेलो. नोकरीमुळे वेळच मिळत नाही, असे म्हणू लागले की मला हा कारकून आठवतो. मित्रमैत्रिणींनो, यंदा परत जाताना त्यांचे एखादे पुस्तक सोबत न्या.